कुंडीतला वाफसा

एका मैत्रिणीने स्वतः फांदी लावून तयार केलेले रोझमेरीचे रोप मला दिले होते आणि ते मी सात आठवड्यांत गमावले. पाने निस्तेज झाली, शेंडे झुकू लागले, तेव्हा रोप तहानले आहे असे समजून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले, आणि जितके पाणी घातले तितके ते अधिकच मलूल होत गेले. शेवटी कुंडी उलटी करून मातीचा गड्डा बाहेर काढला, तर वरचा बोटभर थर कोरडा आणि तळाचा जवळजवळ अर्धा भाग चिखल झालेला. मुळे तपकिरी पडली होती. एखादे मूळ चिमटीत धरून हलके ओढले की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येत असे आणि आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरत असे. मातीला साचलेल्या डबक्याचा वास येत होता. ओल्या मातीत उभे राहून ते रोप तहानेने मेले होते.

हे वाक्य विचित्र वाटले, तरी त्यात अतिशयोक्ती नाही. मुळे पाणी शोषतात ते फुकट नव्हे. त्यासाठी त्यांना ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा मिळवण्यासाठी त्यांना श्वास घ्यावा लागतो. पानांतून तयार झालेली साखर मुळांपर्यंत येते, पण ती जाळायला लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतूनच मिळतो. हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी वेगाने तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, पाणी ओढण्याचे त्यांचे काम थांबते आणि पाने सुकल्यासारखी माना टाकतात. आपण ते पाहून पुन्हा झारी उचलतो. त्यानंतर मूळकुजीच्या बुरशीला आयते रान मिळते.

जमिनीशी रोजचा संबंध असणाऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. जमीन भिजल्यानंतर जास्तीचे पाणी खाली निघून जाते, मातीच्या कणांना चिकटलेला ओलावा मागे राहतो आणि कणांमधल्या मोकळ्या जागेत हवा परत येते. त्या अवस्थेत मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटाने हलकेच टोकले की तो फुटतो. वाफसा म्हणजे नुसती ओल नव्हे. ओल आणि हवा एकाच वेळी असणे म्हणजे वाफसा. कुंडीत झाडे लावण्याच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ मला या एका शब्दात सापडत गेले. कुंडीचा आकार, मिश्रण, पाणी, खत, प्रकाश या गोष्टी मी पूर्वी वेगवेगळ्या समजत असे. आता मी त्या एकाच प्रश्नाच्या बाजू मानते, आणि तो प्रश्न असा की या कुंडीत वाफसा किती वेळ टिकतो.

जमिनीत तो टिकवण्याची अर्धी जबाबदारी जमीनच घेते. वरच्या थरातले पाणी खालच्या खोल थराकडे ओढले जाते. गांडुळे आणि जुन्या मुळांच्या पोकळ वाटा हवा खेळती ठेवतात. कुंडीला तळ असतो आणि तिथे माती एकदम संपते. पाणी तळाच्या छिद्रापर्यंत पोहोचते खरे, पण लहान पोकळ्यांत ते केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते आणि छिद्र उघडे असूनही सगळे बाहेर पडत नाही. त्यामुळे प्रत्येक कुंडीच्या तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर राहतो. त्या थराची उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसते, मिश्रणाच्या कणांच्या जाडीवर असते. कण बारीक असतील तर थर जाड, कण भरड असतील तर पातळ.

हे मला कुणी सांगून पटले नसते. भांडी घासायच्या स्पंजाने पटवले. एक कोरा, लांबट स्पंज बादलीत पूर्ण भिजवावा आणि दोन्ही हातांच्या बोटांवर आडवा, सपाट धरावा. पाणी धारेने गळते, मग थेंब-थेंब, आणि शेवटी थांबते. एवढे झाल्यावर स्पंज न दाबता नुसता लांबट बाजूने उभा करावा. थांबलेले पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, त्याची छिद्रे तीच, पाणी तेच. बदलली ती फक्त उंची. उभ्या स्पंजाचा खालचा भाग बोटाने चाचपला तर तो अजूनही गच्च भिजलेला लागतो, मात्र वरचा मोठा भाग हलका आणि हवेशीर झालेला असतो. आडव्या स्पंजात तोच गच्च थर जवळजवळ संपूर्ण जाडी व्यापून बसलेला होता. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज आणि उंच कुंडी म्हणजे उभा स्पंज. माझी रोझमेरी आडव्या स्पंजात उभी होती.

त्याच प्रयोगाने माझी आणखी एक जुनी सवय मोडली. निचरा चांगला व्हावा म्हणून मी कित्येक वर्षे कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे यांचा चांगला चार बोटे जाडीचा थर देत असे. बारीक कणांच्या मिश्रणातले पाणी भरड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरचे मिश्रण पूर्ण भरून वाहू लागेपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. म्हणजे जो गच्च थर कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो आणि मुळांची जागा चार बोटांनी कमी होते ती वेगळीच. छिद्रातून मिश्रण वाहून जाऊ नये यासाठी जाळीचा एक तुकडा किंवा फुटक्या कुंडीची एक खापरी पुरते. खडीने निचरा सुधारतो हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की तो चुकीचा कसा, हे मी अजूनही जवळजवळ प्रत्येक नवशिक्या बागप्रेमीला समजावून सांगते, आणि शब्दांवर विश्वास बसला नाही तर स्पंज भिजवायला घेते.

मिश्रणात हवा किती आहे हे मोजता येते आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ज्या कुंडीत झाड लावायचे तिची छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत, मोजून मिश्रण भरावे आणि पृष्ठभागावर पाणी चकाकू लागेपर्यंत अगदी सावकाश पाणी सोडावे. काही वेळ थांबून, कुंडी परातीवर धरून पट्टी काढावी आणि गळलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी गळून गेले तेवढी हवा आत शिरली. दहा लिटर मिश्रणातून दीड लिटर पाणी गळले तर हवेचा वाटा १५ टक्के. बहुतेक झाडांना हा वाटा १० ते २० टक्क्यांच्या आसपास असला तर मानवतो. कोरडेपणा आवडणाऱ्या झाडांना त्याहून अधिक असलेला बरा. बागेतली माती जशीच्या तशी भरून मी हे करून पाहिले, तेव्हा एक लिटर मातीतून जेमतेम चार-पाच चमचे पाणी गळले. जमिनीत उत्तम असलेली माती कुंडीत का घुसमटते, हे त्या परातीत दिसले.

म्हणून आता भाजीच्या कुंड्यांसाठी मी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेले कंपोस्ट आणि एक भाग पर्लाइट असे मिश्रण करते. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीतून निघालेली काच. ती ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती लाह्यांसारखी फुलते. तिची धूळ नाकातोंडात जाणे चांगले नाही, त्यामुळे पिशवी उघडण्याआधीच मी ती आतून ओली करून घेते. पर्लाइट नसेल तर भरड वाळू चालते, मात्र ती खरोखर भरड हवी, डाळीच्या दाण्याएवढी. बारीक वाळू घालणे म्हणजे आहेत त्या पोकळ्यासुद्धा बुजवणे. कोकोपीट धुण्याबद्दल आळस करू नये, असे माझे ठाम मत आहे. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि कोवळी रोपे पानांच्या कडा करपवून त्याची दखल घेतात. कोकोपीटची दाबलेली वीट भिजवून, पिळून, दोन-तीन पाण्यांतून काढली की हा त्रास बराच कमी होतो.

मिश्रण कायमचे नसते, ही गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. कंपोस्ट कुजत जाते, काथ्याचे कण झिजून बारीक होतात, आणि सुरुवातीला काठोकाठ भरलेली कुंडी वर्षभरात चार-पाच सेंटीमीटर खाली बसते. तेवढ्या उंचीची हवा नाहीशी झालेली असते. पहिल्या वर्षी तरारून वाढलेले झाड दुसऱ्या वर्षी त्याच जागी, तेवढ्याच पाण्यावर कुरकुरू लागते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. दर वर्षी भाजीच्या कुंड्या रिकाम्या करून जुन्या मिश्रणात निम्मे नवे मिसळायचे, असा मी नियम केला आहे.

पाणी किती दिवसांनी घालायचे, असे मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाते आणि याच प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. दिवस मोजून पाणी घालणे हेच बहुसंख्य कुंड्यांच्या मरणाचे कारण आहे. मी कुंडी उचलून पाहते. पाणी घालून निचरा झालेल्या कुंडीचे वजन एकदा हाताच्या लक्षात राहिले की पुढे सारे सोपे होते. कोरड्या कुंडीत आणि भिजलेल्या कुंडीत इतका फरक असतो की डोळे मिटूनही तो कळावा. जी कुंडी उचलण्याजोगी नाही तिच्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसते. कोकोपीट वरून फिकट आणि सुकलेले दिसते, तेव्हा आत चांगला ओलावा असू शकतो. डोळ्यांवर विसंबले तर फसगत ठरलेली. आणि पाणी घालायचे तेव्हा तळाच्या छिद्रांतून बाहेर येईपर्यंत घालायचे. पाणी खाली उतरताना जुनी, कोंदट हवा ढकलून बाहेर काढते आणि आपल्या मागे नवी हवा आत ओढून घेते, म्हणजे भरपूर पाणी घालणे हाही एका अर्थाने मुळांना श्वास देणेच असते. रोज कपभर पाणी शिंपडल्याने वरचा थर सतत ओला राहतो, खालची मुळे मात्र कोरडी पडतात किंवा जुन्याच पाण्यात बुडालेली राहतात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे, कारण ते तिथे असेपर्यंत तळाचा गच्च थर हलत नाही.

उलट टोकाची चूकही होते. मिश्रण पूर्ण वाळले की ते आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. ताटली भरते, आपल्याला समाधान वाटते, आणि मुळांना थेंबही मिळालेला नसतो. अशा वेळी अख्खी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून खालून वर भिजू द्यावी. बुडबुडे थांबले की बाहेर काढावी.

टोमॅटोने मला याची शिकवण दिली. पहिली रोपे मी पाच लिटरच्या डब्यात लावली होती. ती वाढली, फुलली, फळेही धरली, आणि मग एकेका हिरव्या फळाच्या बुडाशी तपकिरी डाग पडू लागला. तो पसरत, खोलगट होत काळा पडला. मी आधी कीड शोधली, मग बुरशी. वास्तविक हा रोग नव्हेच. फळाच्या पेशींना कॅल्शियम कमी पडले की बूड असे काळे पडते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते आणि एकदा पानात जाऊन बसले की तिथून हलवता येत नाही. पाने भरपूर पाणी हवेत सोडतात म्हणून प्रवाह त्यांच्याकडे जातो, फळाच्या वाट्याला थोडे येते, आणि दुपारी कुंडी वाळली की तेवढेही येत नाही. म्हणजे मिश्रणात कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहते. अंड्यांची टरफले पुरून या हंगामातली फळे वाचत नाहीत, कारण ती विरघळायला फार काळ लागतो. मी रोपे वीस लिटरच्या कुंड्यांत लावू लागले आणि वरून वाळलेल्या पानांचे आच्छादन दिले, तेव्हा डाग थांबले. पूर्ण वाढलेले टोमॅटोचे झाड कडक उन्हाच्या दिवशी दोन-तीन लिटर पाणी सहज पिते. पाच लिटरच्या डब्यात हा हिशेब बसणारच नव्हता. मिरचीला आठ-दहा लिटर पुरतात.

फुले येऊनही फळ धरत नसेल, तर दोष पाण्याचा नसण्याची शक्यता असते. टोमॅटोचे फूल स्वतःच्या परागांवर फळते, पण ते पराग नळीसारख्या बंद कोशात असतात आणि थरथरीने बाहेर पडतात. वारा आणि गुणगुणणारे भुंगे हे काम करतात. बंदिस्त गॅलरीत दोन्ही नसतील तर सकाळी उशिरा फुलांच्या घोसामागच्या देठाला बोटाने टिचक्या माराव्यात. परागांची पिवळी धूळ उन्हात उडताना दिसते. रोज सकाळच्या या दोन मिनिटांवर माझे मनापासून प्रेम आहे.

पालेभाज्यांना आडवा स्पंज चालतो. पालक, लेट्यूस, कोथिंबीर यांना १५ ते २० सेंटीमीटर खोलीची पसरट कुंडी पुरते, कारण त्यांना ओल हवी असते आणि त्यांचा मुक्काम थोड्या आठवड्यांचाच असतो. कोथिंबिरीचा दाणा म्हणजे खरे तर दोन बिया जोडलेले फळ. तो हलक्या हाताने रगडून दोन भाग करून पेरावा आणि जिथे वाढवायची तिथेच पेरावा, कारण तिचे सोटमूळ उपटून दुसरीकडे लावलेले तिला सोसत नाही. पुदिन्याला ओल प्रिय आहे, पण त्याला स्वतःची वेगळी कुंडी द्यावी; त्याची धावती खोडे शेजाऱ्याची सगळी जागा गिळून टाकतात. बेसिलचा शेंडा दोन पानांच्या जोडीच्या वर खुडला की त्या पानांच्या बेचक्यांतून दोन नवे फुटवे येतात. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ही मात्र वेगळ्या स्वभावाची मंडळी आहेत: उंच आणि सच्छिद्र मातीची कुंडी, निम्मे पर्लाइट किंवा भरड वाळू, आणि पाणी देण्याआधी चांगली कोरडी होऊ दिलेली माती.

घरातल्या झाडांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न प्रकाशापासून वेगळा काढता येत नाही. आपले डोळे अंधुक उजेडाला इतक्या सहज सरावतात की खोली उजळच वाटते, पण निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो अनेकदा काही शे लक्सवर आलेला असतो. इतक्या प्रकाशात मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट तग धरते, वाढते मात्र फार सावकाश आणि पाणीही तितक्याच सावकाश पिते. गॅलरीत दोन दिवसांत वाळणारी कुंडी आत तीन आठवडे ओली राहू शकते. त्यातच छिद्र नसलेल्या सुंदर भांड्यात झाड थेट लावले, तर वाफसा कधी येतच नाही. छिद्र असलेली साधी प्लास्टिकची कुंडी त्या भांड्यात नुसती ठेवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी. झाडाला फार मोठ्या कुंडीत हलवणेही असेच घातक ठरते, कारण मुळे पोहोचलेली नसतात त्या भागातले पाणी पिणारे कुणीच नसते. आधीच्या कुंडीपेक्षा व्यासाने तीन ते पाच सेंटीमीटर मोठी कुंडी पुरे.

घरातली झाडे हवा शुद्ध करतात म्हणून ती आणणाऱ्यांना मी थोडे थांबवते. १९८९ साली नासाने प्रसिद्ध केलेला अभ्यास लहान, बंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ च्या एका आढाव्यात अशा अनेक प्रयोगांचे आकडे खऱ्या इमारतींना लावून पाहिले, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडे लागतील असे निघाले. खिडकी उघडणे त्यापेक्षा सोपे आहे. झाड आणावे ते त्याचे नवे पान उलगडताना पाहण्यासाठी. मला तेवढे कारण पुरते.

खताबद्दल थोडक्यात. प्रत्येक पाण्याबरोबर नत्र वाहून जाते, त्यामुळे कुंडीला थोडे-थोडे पण नियमित द्यावे लागते. खालची जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह मिळत नाही, आणि तेव्हा खताची बाटली उघडण्याआधी मुळे तपासावीत, कारण गुदमरलेली मुळे समोर वाढलेले अन्नही घेऊ शकत नाहीत. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसली की ते साठलेले क्षार असतात. कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून ते धुऊन काढावेत. कुंडीभोवती चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडू लागल्या तर फवारणीचा विचार करण्यापूर्वी पाणी लांबवावे. त्यांच्या अळ्या वरच्या सतत ओल्या थरात वाढतात, आणि तो दोन-तीन सेंटीमीटर वाळू दिला की त्यांची पुढची पिढी बरीच घटते.

मैत्रिणीने रोझमेरीची दुसरी फांदी दिली, त्याला आता चार वर्षे झाली. ती मातीच्या उंच कुंडीत आहे. गेल्या रविवारी तिला बदलायला काढले, तेव्हा कुंडी आडवी करून कडेने दोन थापा मारताच गड्डा अखंड सुटून हातात आला. पांढरट, करकरीत मुळे बाजूने आणि तळापर्यंत उतरली होती, अगदी छिद्रावरच्या जाळीत शिरली होती. तळाची माती चिमटीत घेऊन दाबली. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला. मी गड्डा नाकाजवळ नेला. पहिल्या सरीनंतर रानाला येतो तसा वास येत होता.